चिरा, चकती आणि काढून ठेवलेला गार्ड

मंडळी, या वीकांताचा विषय आहे कटर. हो, तोच तो! फरशीवाल्याच्या, वेल्डरच्या नाहीतर गवंड्याच्या हातात किंचाळणारा. दुकानदार त्याला अँगल ग्राइंडर म्हणतो, फरशीवाल्याकडे त्याचाच भाऊ मार्बल कटर असतो, पण साइटवर दोघांचं नाव एकच. 'जरा कटर मार रे इथे' म्हटलं की काम कळतं.

रत्नागिरीच्या आसपास कुठल्याही वाडीत मे महिन्यात हा आवाज हमखास ऐकू येतो. पाऊस यायच्या आत पडवीची लादी, गडग्याचं फाटक, न्हाणीघराचा पाइप असलं सगळं उरकायचं असतं. आणि आवाजाच्या दिशेने जाऊन पाहिलंत तर एक गोष्ट बऱ्याचदा जागेवर नसते : चकतीवर बसणारा अर्धगोल लोखंडी गार्ड. तो मशीनबरोबर आलेला असतो, हरवलेलाही नसतो. आपल्या खोक्यात नीट ठेवलेला असतो.

'अडाणी लोक, सेफ्टीचं भान नाही' हे आपल्यासारख्या एसीत बसून कोड लिहिणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. या हत्याराचा आणि ज्या दगडावर ते चालतं त्या दगडाचा इतिहास पाहिला की लक्षात येतं, गार्ड काढण्यामागे भान नसणं नाही, चक्क हिशोब आहे. आणि त्या हिशोबात आपणही कुठेतरी बसलेले आहोत.

सुरुवात दगडापासून करू. रत्नागिरीचा सडा म्हणजे जांभा. खाली काळा कातळ, वर लाल, छिद्राछिद्रांचा, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांनी भरलेला थर. या दगडाचं जगभर चालणारं इंग्रजी नाव, लॅटराइट, ते आपल्याच किनाऱ्यावर जन्माला आलं. फ्रान्सिस बुकानन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार फिरला आणि १८०७ मध्ये त्याने त्या प्रवासाचं वर्णन छापलं. मलबारात अंगडीपुरम इथे त्याने पाहिलं की हा दगड जमिनीतून काढताना इतका मऊ असतो की लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, लोक त्याच्या विटा पाडतात, आणि हवा लागली की त्याच विटा घट्ट होतात. लॅटिनमध्ये वीट म्हणजे 'लाटर', म्हणून लॅटराइट. म्हणजे या दगडाचं बारसंच तो कापता येतो म्हणून झालं.

अर्थात बुकाननच्या फार आधीपासून कोकणी माणूस हे ओळखून होता. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यातल्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पं आता सगळ्यांना माहीत झाली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून ती उजेडात आणली. २०२२ मध्ये त्यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीचा हत्ती पाहताना मला तर पहिला प्रश्न हाच पडतो, की हे कशाने कोरलं असेल आणि किती दिवस लागले असतील? मग किल्ले आले, देवळं आली, घरांचे जोते आले, विहिरी आल्या. ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी इंग्रजांनी रत्नागिरीत १९१० च्या सुमारास बांधलेल्या राजवाड्यातही हाच लाल दगड आहे. गोव्यातलं बॉम जेझूस चर्च (बांधकाम १५९४ ते १६०५) तर आज गिलाव्याशिवाय उभं असल्याने जांभ्याचं प्रदर्शनच वाटतं.

हे सगळं हाताने झालं. खाणीत चर मारायचा, पहारीने चिरा सुटा करायचा, मग तो तासून सरळ करायचा. कष्ट प्रचंड. पण त्या कामात एक गोष्ट फुकट मिळत होती, ती म्हणजे वेळ. घाव चुकला तर बोट चेचायचं, पायावर दगड पडायचा. दुखापत व्हायचीच. तरी हत्याराचा वेग माणसाच्या हाताइतकाच होता. हात थांबला की हत्यार थांबलं. डोळ्याने पाहिलेलं मेंदूला कळून हात मागे घ्यायला सवड होती.

आता चकतीकडे. तिचा इतिहास दगड कापण्यात नाही, धार लावण्यात सुरू होतो. इंग्लंडमधलं शेफील्ड हे चाकू-सुऱ्या-काट्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात तिथे हजारो कारागीर वालुकाश्माच्या फिरत्या चाकांवर पोलादाला धार लावत. चाक कधीतरी फुटायचं आणि समोरचा माणूस जायचा. पण त्याहून जास्त माणसं धुळीने जायची. फ्रेडरिक एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात शेफील्डच्या डॉक्टरांचा, विशेषतः डॉ. नाइट यांचा, हवाला देऊन लिहून ठेवलंय : कोरड्या चाकावर काम करणाऱ्यांचं सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षं, आणि ओल्या चाकावर काम करणाऱ्यांचं फार तर ४५. तेच चाक, तेच पोलाद, तेच गाव. फरक फक्त पाण्याचा, आणि त्या पाण्याची किंमत आयुष्याची दहा वर्षं! कटरच्या संदर्भात एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. धूळ ओढून घेणारी साधनं तेव्हा निघाली होती. कारागिरांनी ती वापरायला विरोध केला, काही ठिकाणी मोडूनही टाकली. का? तर धंदा सुरक्षित झाला की जास्त लोक धंद्यात येतील आणि मजुरी उतरेल ही भीती. म्हणजे ज्याचं फुप्फुस जात होतं त्यानेच उपाय मोडला. मूर्ख म्हणून नव्हे, उद्याच्या भाकरीचा हिशोब करून. हे लक्षात असू द्या, शेवटी परत लागेल.

पुढची गोष्ट थोडक्यात. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे कार्बोरंडम, तयार केलं. आता खाणीतल्या वालुकाश्मावर अवलंबून राहायची गरज उरली नाही. १९०७ मध्ये बेकलंडने बेकलाइट आणलं, आणि पुढे त्याच जातीच्या रेझिनमध्ये हे कण चिकटवून पातळ, वेगाने फिरू शकणाऱ्या चकत्या बनू लागल्या. नंतर आत काचेच्या धाग्यांची जाळी आली. भारतातही हा धंदा लवकर आला, आणि तोही कोकण किनाऱ्यावरच : उरणजवळच्या मोऱ्याला १९४१ पासून ग्राइंडवेल कंपनी घासण्याची चाकं बनवू लागली. मग १९५४ मध्ये जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीने वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. आजवर बहुतेक करून कारखान्यात टेबलाला घट्ट बोल्ट केलेलं चाक माणसाच्या हातात आलं. जर्मन लोक आजही या मशीनला 'फ्लेक्स' म्हणतात आणि कापण्याला 'फ्लेक्सन'. आपलं 'कटर मारणं' तसंच.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण ते होतं. टेबलावरच्या चाकाभोवती जाड आवरण घालता येतं, पाण्याची धार सोडता येते, माणसाला लांब उभं करता येतं. हातातल्या मशीनवर यातलं एकच उरतं, तो अर्धगोल गार्ड. बाकी सगळी जबाबदारी दोन मनगटांवर.

आता इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा थोडा उपयोग करू :-) चार इंची (१०० मिमी) चकती साधारण मिनिटाला ११,००० फेरे मारते. परीघ ३१.४ सेंमी. म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटरच्या वर, ताशी २०० किलोमीटरहून जास्त. माणसाची प्रतिक्रिया चांगली म्हटली तरी ०.२ सेकंद घेते. तेवढ्यात चकतीच्या ३६ फेऱ्या होतात आणि तिची कड साडेअकरा मीटर पुढे जाते. 'हात मागे घे' हा निरोप मेंदूकडून हातापर्यंत पोचेतो जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पाथरवटाला मिळणारी ती फुकटची सवड इथे संपली. 'मी सावध असतो, मला काही होत नाही' या वाक्यात म्हणूनच अर्थ नाही. सावधपणा ज्या वेगाने चालतो त्याच्या कितीतरी पुढे हे मशीन आहे. उपाय अपघाताच्या आधीच बसवलेला हवा, त्या क्षणी सुचून चालत नाही.

मग गार्ड का काढतात? खोलीसाठी. चार इंची चकतीचा मधला भाग नट आणि गिअरच्या डोक्यात जातो. दगडात शिरायला उरतो जेमतेम इंचभर, आणि चिरा त्याच्या कितीतरी पट जाड. चिरेखाणीत आता रुळांवर सरकणारी मोठ्या पात्यांची मशीनं असतात, ती आख्खा चिरा कापून काढतात. पण घराच्या कामाला एखादा चिरा बसवताना कोपरा काढायचा असतो, पाइपसाठी खाच मारायची असते, आणि ते हातातल्या कटरनेच होतं. गार्ड काढला की थोडी खोली जास्त मिळते, कोपऱ्यात शिरता येतं, रेघ नीट दिसते. त्याहून पुढची पायरी म्हणजे गार्ड नसलेल्या चार इंची मशीनवर सात इंची चकती चढवणं.

ही पायरी कशी आहे पाहा. सात इंची चकतीवर साधारण ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. चार इंची मशीन तिला ११,००० ने फिरवतं. फिरणाऱ्या वस्तूतला ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे मर्यादेच्या सुमारे १.७ पट. कंपन्यांनी दोन्ही चकत्यांची भोकं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत (१६ मिमी आणि २२ मिमी), म्हणजे चुकीची चकती बसूच नये. आपल्याकडे त्यावर वायसर घालून 'जुगाड' होतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल : वॉर्निंग येत होती, कुणीतरी ती बंद करून टाकली.

त्यात जांभा एकसारखा नाही. मध्येच मऊ मातीचा कप्पा लागतो, पुढे लोखंडासारखी गाठ. मऊ भागातून सुसाट जाणारी चकती गाठीवर किंवा मिटत आलेल्या फटीत अडकते आणि सगळं मशीन उलटं फेकलं जातं. ही उसळी मुख्यतः कापाच्या रेषेत येते. म्हणून जुने जाणते कारागीर त्या रेषेत कधी उभे राहत नाहीत, किंचित बाजूला राहतात.

कायद्याला हे सगळं ठाऊक होतं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३० मध्ये घासण्याच्या प्रत्येक चाकाशेजारी त्याच्या कमाल सुरक्षित वेगाची सूचना कायम लावावी असं लिहिलं होतं. पण त्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे किमान दहा कामगार असं धरलेलं होतं. वाडीतल्या पडवीत असतात दोघं, एक गवंडी आणि एक मदतनीस. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये वेगळा कायदा झाला, त्यातूनही स्वतःच्या घराचं दहा लाखांच्या आतलं काम वगळलेलं होतं. म्हणजे चाक कारखान्यातून हातात आलं, आणि हातातून ओटीवर आलं, पण नियम कारखान्याच्या फाटकाशीच थांबला. ओटीवर कुणीच इन्स्पेक्टर येत नाही. तिथे काम देणारा एकच असतो. घरमालक. म्हणजे पुण्या-मुंबईत बसून फोनवर 'गणपतीच्या आत झालं पाहिजे हां' म्हणणारे आपण.

आणि इथे शेफील्ड परत येतं. आपल्याकडे हे काम बहुधा अंगावर दिलेलं असतं, फुटावर किंवा ठोक. गार्ड लावून, पाणी मारत, दोन्ही बाजूंनी उथळ काप घेत काम केलं तर दिवसाचे फूट कमी भरतात. ते कमी भरलेले फूट कारागिराच्या खिशातून जातात, आपल्या नाही. डोळा गेला तर तोही त्याचाच. इतक्या सरळ गणितात माणूस गार्ड काढणार नाही तर काय करणार? शेफील्डच्या कारागिरांनी यंत्रं मोडली तेव्हाही गणित हेच होतं.

तेव्हा नुसता 'गार्ड लावा' हा उपदेश अर्धा आहे. तरीही काय करायचं आणि का, ते नीट माहीत असायला हवं, कारण सांगणारे आपण असू :

१. गार्ड आणि बाजूचं हँडल लावूनच काम. खोली कमी पडते तर चिऱ्याला चारी बाजूंनी इंचभर खाच घ्यायची आणि छिन्नी-हातोडीने फोडायचा. जांभा या पद्धतीने फुटतो, आपल्या पूर्वजांनी तेच केलं.

२. चकतीवर छापलेल्या फेऱ्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हव्यात. लाकडाचं दातेरी पातं अँगल ग्राइंडरवर कधीच नाही. ते लाकडात धरलं की मशीन हातातून निसटू शकतं.

३. रेझिनच्या चकतीला मुदत असते, साधारण तीन वर्षं. मधल्या धातूच्या कडीवर ती छापलेली असते. कोकणात हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा, कारण रेझिन दमट हवा शोषतं आणि कमजोर होतं. गेल्या पावसाळ्यात पडवीत पडलेली चकती यंदा वापरायची नाही. पन्नास रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

४. कापायची चकती पातळ असते. तिच्या बाजूने घासायचं नाही, काप घेताना मशीन तिरकं करायचं नाही.

५. डोळ्यांवर गॉगल नव्हे, बाजूने बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा. तोंडाला पंचा बांधणं दुहेरी चूक : फुप्फुसात जाणारी बारीक धूळ त्यातून आरपार जाते, आणि लोंबणारं टोक चकतीत गुंततं. एन-९५ मास्क आता सगळ्यांना माहीत आहे, तो आणून द्या.

६. पाणी. जांभ्यात सिलिका तुलनेने कमी, पण तोच कटर दुपारी ग्रॅनाइट, काँक्रीट आणि फरशीवर चालतो आणि त्यांच्या धुळीत ती भरपूर असते. सिलिकोसिसला बरं करणारं औषध नाही. ही धूळ कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केलं, आणि ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम दगडच बंद केला. शक्य तिथे दगड आधी भिजवा. चालू मशीनवर पाण्याची धार सोडायची तर त्यासाठीच बनवलेलं मशीन हवं, आणि बोर्डाला ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर हवाच. जुन्या घरांत तो बऱ्याचदा नसतो. तो बसवणं इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम आहे.

७. चकती बदलताना प्लग काढायचा. बटण बंद केलं एवढं पुरत नाही. आणि बटण सोडल्यावर चकती पूर्ण थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही.

हे झालं कारागिराच्या बाजूचं. आपल्या बाजूचं त्याहून सोपं आहे, फक्त त्याला पैसे पडतात. कटरचं काम फुटावर न देता दिवसाच्या मजुरीवर द्या. मास्क, चष्मा आणि नव्या चकत्या आपल्या खर्चाने आणा, एकूण बजेटमध्ये तो आकडा दिसणारही नाही. 'दोन दिवस जास्त लागले तरी चालतील, गार्ड काढू नका' हे वाक्य सुरुवातीलाच, दर ठरवताना बोला. काम अर्ध्यावर आल्यावर बोललात तर तो फक्त उपदेश. दर ठरवताना बोललात तर तो करार.

उक्षीच्या सड्यावर हत्ती कोरणाऱ्याला किती दिवस लागले ते कुणी मोजलं नसेल. आपण मात्र सगळं मोजतो, फूट, दिवस, रुपये. मोजायला हरकत नाही, पेशाच तो आपला. फक्त एक्सेलच्या त्या शीटमध्ये चकतीसमोर बसलेल्या माणसाचे डोळे आणि फुप्फुसं कुठल्याच रकान्यात नाहीत, आणि जे रकान्यात नसतं ते फुकट आहे असं आपण धरून चालतो. या मे महिन्यात गावच्या घराचं काम काढणार असाल तर एक ओळ वाढवा.

असो. तूर्तास इतकंच. पुढच्या वीकांताला भेटू.